काळी माती, तडकलेली भिंत आणि संशोधनाचे दोन प्रश्न

काळ्या रानातल्या घराच्या भेगा दर दिवाळीला लिंपायच्या आणि उन्हाळ्यात पुन्हा बघायच्या, हे आपल्याकडे नेहमीचंच. पण दोष भिंतीचा नसतो. बेसॉल्टपासून झालेल्या या मातीतलं माँटमोरिलोनाइट हे खनिज पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आक्रसतं. त्यासोबत पायाही वर-खाली होतो.

1950 च्या दशकात रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत दिनेश मोहन आणि सहकाऱ्यांनी यावर काम केलं. प्रश्न होता: वरची माती हलणारच, तर घर खालच्या स्थिर थरात कसं रोवायचं? त्यातून आला अंडर-रीम्ड पाइल. साधारण 3.5 मीटर खोल काँक्रीटचा खांब आणि तळाशी त्याच्या 2.5 पट रुंद गोळा. माती खांबाला वर ओढते, गोळा त्याला धरून ठेवतो. प्लिंथ बीमखाली मुद्दाम फट सोडतात, म्हणजे फुगलेली माती बीमला उचलत नाही.

1970 च्या दशकात आयआयटी मुंबईत आर. के. कट्टी यांनी वेगळंच काही हेरलं: ठरावीक खोलीखालची काळी माती ओली असूनही फुगत नाही. मग वर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर दाबून बसवला तर? कालव्यांच्या कामात हा उपाय उपयोगी ठरला.

माती एकच, पण प्रश्न बदलला तसा उपायही बदलला. म्हणून जुने पेपर वाचताना निष्कर्षाआधी प्रश्न वहीत उतरवून घ्या. आणि घरी भेगा असतील तर गिलाव्याआधी छपराचं पाणी कुठे मुरतंय, ते शोधा.