४ जून, दुपारी १.२०

सकाळी ८. लोकसभेची मतमोजणी सुरू झाली. ४ जून २०२४ हा दिवस बीडकरांनी विमानासाठी लक्षात ठेवावा, असं काही कारण नाही. पंकजा मुंडे की बजरंग सोनवणे, यापलीकडं त्या दिवशी जिल्ह्याला काही सुचत नव्हतं. तिकडं नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातही वेगळं चित्र नव्हतं. तो भाग दिंडोरी मतदारसंघात येतो. कांदा निर्यातबंदीचा राग मतयंत्रात किती उतरला, हे मोजायला अख्खा तालुका टीव्हीसमोर बसला होता. द्राक्षबागांची खरड छाटणी उरकलेली, कांदा चाळीत पडलेला, पावसाची वाट.

सकाळ, ओझर. निफाड तालुक्यातच हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा (एचएएल) कारखाना आहे. १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठी तो उभा राहिला. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री आणि नाशिकचेच खासदार होते. आदल्याच वर्षी ते इथून बिनविरोध निवडून गेले होते. मिग-२१ नंतर मिग-२७ आणि मग सुखोई-३० एमकेआय. आज तिथं सुखोई बांधली जातात, तशी वापरून थकलेली विमानं ओव्हरहॉललाही येतात. अशा विमानाचे भाग सुटे करून तपासतात, झिजलेले बदलतात आणि पुन्हा जोडतात. पण जमिनीवर सगळे आकडे बरोबर आले म्हणून विमान हवाई दलाच्या हवाली करत नाहीत. आधी चाचणी उड्डाण. आपल्याकडं चाचणी म्हटली की शिक्कामोर्तबाचा उपचार वाटतो. इथं मात्र दोन माणसं विमानात बसून त्यातला दोष शोधायला वर जातात.

दुपार, १.२० च्या आधी. त्या दिवशी ओव्हरहॉलनंतर चाचणीसाठी वर गेलेल्या सुखोईत विंग कमांडर बोकील आणि सहवैमानिक बिस्वास होते. दोन इंजिनं, जवळपास २२ मीटर लांबी, रिकाम्या विमानाचंच वजन १८ टनांच्या वर. ओझरच्या परिसराला या आवाजाची सवय आहे. कुणी मान वर करून बघत नाही.

दुपारी १.२०. निफाड तालुक्यातल्या शिरसगावच्या शिवारात विमान कोसळलं.

त्याआधीचे काही क्षण सावकाश बघायला हवेत. वैमानिकाच्या दोन्ही पायांच्या मध्ये, आसनाच्या पुढच्या कडेला हँडल असतं. ते ओढलं की पुढचं काही माणसाच्या हातात राहत नाही. डोक्यावरचं काचेचं छत उडतं, पट्टे अंग आसनाला आवळतात, पाय आत खेचले जातात आणि आसनाखालचं रॉकेट पेटतं. मागचा आधी सुटतो, पुढचा नंतर, म्हणजे पुढच्याच्या रॉकेटची झळ मागच्याला लागत नाही. मणक्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. मग आसन गळून पडतं आणि छत्री उघडते. हे सगळं मोजक्या सेकंदांत. सुखोईचं के-३६ जातीचं रशियन आसन विमान जमिनीवर उभं असतानाही माणसाला जिवंत बाहेर फेकू शकतं. याच आसनांनी १४ ऑक्टोबर २०१४ ला पुण्याजवळ थेऊरला वेगळाच पेच टाकला होता. उतरायला आलेल्या सुखोईतून दोघं वैमानिक बाहेर फेकले गेले, आणि आसनं आपोआप सुटली असं त्यांचं म्हणणं होतं. देशातली सगळी सुखोई तेव्हा काही आठवडे जमिनीवर होती.

१.२० नंतर. शिरसगावात दोघंही छत्रीनं उतरले. किरकोळ जखमा. त्यांना एचएएलच्याच रुग्णालयात नेलं. शेतात विमान पेटलं होतं, तुकडे पाचशे मीटरच्या टापूत विखुरले होते. बंब आले, पोलीस आले, हवाई दल आणि एचएएलची माणसं आली. गावातलं कुणी दगावलं नाही. याला नशीब म्हणायचं. कारण निफाड म्हणजे काही माळरान नव्हे. तिथं मळ्यामळ्यात वस्ती आहे.

संध्याकाळ. एरवी दिवसभर चालली असती अशी बातमी पडद्याच्या तळाशी सरकत्या पट्टीवर गेली. वर आकडे नाचत होते. दिंडोरीत भास्कर भगरे यांनी केंद्रीय मंत्री भारती पवार यांना हरवलं. चौकशी होणार, एवढं सांगून विमानाचा विषय मिटला. हवाई दलाचे असे अहवाल एरवीही लोकांपर्यंत येत नाहीत. लढाऊ विमानाची गुपितं जपायला हवीत, हे मान्य. पण शेतात काय पडलं आणि का पडलं, एवढं सांगण्यात कोणतं गुपित फुटतं?

रात्री उशिरा. बीडचा निकाल लागला. सोनवणे ६,५५३ मतांनी विजयी.

निफाड तालुक्यात विमान पडणं हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. २७ जून २०१८ ला पिंपळगाव बसवंतजवळ वावी-ठुशी इथं सुखोईच पडलं होतं. ते नवंकोरं, हवाई दलाच्या ताब्यात अजून जायचं होतं. तेव्हाही दोघं वैमानिक वाचले. नवं पडलं, नंतर दुरुस्तीचं पडलं, आणि दोन्ही चाचणीतच. म्हणून चाचणी वाया गेली असं मला वाटत नाही. हाच दोष महिनाभरानं, भरल्या शस्त्रांनिशी एखाद्या शहरावर निघाला असता तर?

डिसेंबर २०२४ मध्ये संरक्षण मंत्रालयानं आणखी १२ सुखोईंसाठी एचएएलशी सुमारे १३,५०० कोटींचा करार केला; अपघातांत गमावलेल्या विमानांची तूट त्यातून भरायची आहे. ती बांधायचीत नाशिकलाच. त्यांची पहिली उड्डाणंही होतील ओझरहून, याच मळ्यांवरून.