घरच्या मोटारीचा वेग

बऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाई हे गाव मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्या सीमेलगत, सातपुड्याच्या डोंगराळ मुलखात वसले आहे. तेथून पुढे जाणारा रस्ता धारणीवरून मेळघाटात शिरतो आणि सेमाडोह, घटांग मागे टाकीत परतवाड्याकडे मैदानात उतरतो. सपाट सडकेवर कोणतीही मोटार बरी धावते. तिचे खरे बळ डोंगरवाटेवर कळते. घरची पाच माणसे आत आणि ट्रंका, वळकट्या टपावर, असा संसार घेऊन एखादी जुनी फियाट अशा वाटेला लागली, की चढावर चालकाला दुसऱ्या गिअरवर यावे लागे आणि इंजिनचा आवाज बदलताच आतल्या गप्पाही थांबत. या यंत्रात आणखी थोडा जोर असता तर किती बरे झाले असते, हा विचार अशा वेळी मनात आला नाही असा मोटारवाला विरळाच. घरगुती मोटारीला वेगवान करण्याच्या खटपटीचे मूळ या साध्या इच्छेत आहे.

ही फियाट मुंबईत, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. आरंभी तेथे अमेरिकन बनावटीच्या मोटारी जोडल्या जात; पुढे इटलीतील फियाट कंपनीशी करार झाला आणि अकराशेची गाडी महाराष्ट्राच्या रस्त्यांवर दिसू लागली. १९६४ पासून तिचे ११०० डी हे सुधारलेले रूप डिलाइट या नावाने निघू लागले. परदेशी करार संपल्यावर तीच गाडी प्रथम प्रेसिडेंट आणि १९७४ पासून पद्मिनी झाली. नावे बदलली तरी इंजिन तेच राहिले: चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर, एकूण आकारमान १०८९ घनसेंटिमीटर आणि शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती. सुमारे नऊशे किलोग्रॅम वजनाच्या गाडीला आणि तिच्यातील माणसांना ओढण्याचे काम एवढ्या बळावर चालत असे.

तथापि या इंजिनच्या अंगी एवढेच बळ होते असे समजणे चुकीचे ठरेल. १९५३ मध्ये इटलीत ही नवी अकराशे निघाली तेव्हा साध्या गाडीची शक्ती ३६ अश्वशक्ती होती. त्याच वर्षी फियाटने तिची टीव्ही, म्हणजे तुरिस्मो वेलोचे, ही वेगवान आवृत्ती काढली. आकारमान तेच ठेवून, केवळ इंधन व हवा यांची सोय अधिक मोकळी करून आणि मिश्रणावरील दाब वाढवून तिची शक्ती सुमारे ५० पर्यंत नेली. अँबॅसडरच्या बाबतीतही असेच घडले. १९५९ पासून तिच्यात बसविलेले १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातले आणि त्याच आकारमानाचे इंजिन इंग्लंडमध्ये एमजीए या क्रीडामोटारीला जोडलेले होते. तेथे त्यावर दोन कार्ब्युरेटर होते आणि ते ७० अश्वशक्तीच्या आसपास काम देत होते.

मग कारखानदार हे बळ आवरून का धरतो? कारण घरगुती मोटार ही तडजोडीची वस्तू आहे. ती हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर चालली पाहिजे, खेड्यातल्या कारागिराच्या हाताने दुरुस्त झाली पाहिजे, थोड्या इंधनात दूर गेली पाहिजे आणि वर्षानुवर्षे टिकली पाहिजे. वेगासाठी फेरफार करणारा कारागीर या तडजोडीचे कलम फिरवितो. एका बाजूचे काढून दुसऱ्या बाजूला घालतो. म्हणूनच त्याच्या कामाची पारख केवळ शेवटी लाभलेल्या वेगावरून होत नाही, तर त्या वेगासाठी कशाचा त्याग झाला आणि त्याची भरपाई कोठे केली, यावरून होते.

जगात या विद्येची परंपरा मोटारीइतकीच जुनी आहे. हेन्री फोर्डची टी मॉडेल गाडी १९०८ मध्ये निघाली. तिची शक्ती अवघी २० अश्वशक्ती होती. परंतु शेव्हरोले बंधूंनी तिच्या इंजिनासाठी नवे सिलिंडर हेड तयार केले आणि अशा फोर्ड इंजिनावर चालणारी गाडी १९२३ च्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत पाचवी आली. व्हिएन्नात जन्मलेल्या कार्ल अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत आपली संस्था काढली आणि फियाटच्या चिमुकल्या ६०० गाडीचे ६३३ घनसेंटिमीटरचे इंजिन ७४७ पर्यंत वाढवून तिची शक्ती जवळजवळ दुप्पट केली. इंग्लंडात जॉन कूपर यांच्या सल्ल्याने १९६१ मध्ये मिनी कूपर निघाली. साध्या मिनीची ३४ अश्वशक्ती तिच्यात ५५ झाली. आणि विशेष म्हणजे शक्तीबरोबर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसविण्यात आले. तिच्या अधिक बलवान भावंडाने पुढे १९६४, १९६५ आणि १९६७ साली मॉन्टे कार्लोची रॅली जिंकली.

भारतात या विद्येला निराळी परिस्थिती लाभली. परवान्यांच्या त्या काळात अँबॅसडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड एवढ्याच मोटारी बाजारात होत्या. त्यांच्यासाठीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. परदेशी शर्यतीची गाडी आणणे सामान्य हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर होते. ज्याला वेगाची ओढ होती त्याने घरची गाडीच हाती घ्यावी, असा जणू नियमच झाला होता. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि शोलावरम येथील महायुद्धकालीन धावपट्टीवर शर्यती होऊ लागल्या. पुढे अनेक वर्षे त्या धावपट्टीवर घरगुती गाड्यांच्या बदललेल्या आवृत्त्या एकमेकींशी झुंजल्या. आठवडाभर कचेरीत जाणारी गाडी मागचे आसन उतरवून शर्यतीला उभी राहू शके, हे त्या काळाचे वैशिष्ट्य होते.

या गाड्यांच्या मागे उभा होता तो मिस्त्री. पुण्याची नाना पेठ असो की मुंबईत कुर्ल्याचा जुन्या सुट्या भागांचा बाजार असो, त्याला हवा तो भाग तयार मिळेलच याची शाश्वती नसे. मिळाला नाही तर तो लेथवर कातून घ्यावा लागे. छापील पुस्तकापेक्षा कानाने ऐकलेला इंजिनचा सूर आणि प्लगच्या टोकावरचा रंग यांवर त्याचा अधिक भरवसा होता. प्लग काळा पडला तर पेट्रोल जास्त, पांढराफटक पडला तर कमी आणि विटकरी-तपकिरी असला तर मिश्रण योग्य, हे त्याचे ज्ञान अनुभवाने आलेले होते आणि शास्त्रालाही धरून होते.

जाणता मिस्त्री प्रथम काहीही बदलीत नसे. व्हॉल्व्ह घासून नीट बसविणे, टॅपेटचे अंतर लावणे, ठिणगीची वेळ साधणे, चारही सिलिंडरांचा दाब सारखा आहे की नाही ते पाहणे, ही त्याची पहिली कामे. जुन्या गाडीचे हरवलेले बळ बहुधा येथेच परत मिळे. त्यानंतर इंजिनचा श्वास मोकळा करणे. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर टाकणाऱ्या वाटांतील ओतकामाचे खडबडीत कंगोरे घासून त्या गुळगुळीत केल्या, मोठा कार्ब्युरेटर बसविला, धुराड्याची नळी सुधारली, म्हणजे त्याच आकाराच्या सिलिंडरात अधिक मिश्रण भरते.

यापुढची पायरी जोखमीची होती. पद्मिनीच्या इंजिनात मिश्रण मूळच्या आकारमानाच्या ७.३ पट दाबले जात असे. एका सिलिंडरात दट्ट्या २७२ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. त्यावरून पाहता वर उरलेली ज्वलनाची जागा सुमारे ४३ घनसेंटिमीटर येते. हेड घासून ती ३६ वर आणली तर दाबाचे प्रमाण साडेआठ होते. केवळ सात घनसेंटिमीटरांचा, म्हणजे चहाच्या दीड चमच्याएवढा हा फरक. पण पेट्रोल हलके असेल तर मिश्रण वेळेआधीच भडकते, इंजिन ठोकू लागते आणि एक दिवस पिस्टनला भोक पडते. सिलिंडर एक मिलिमीटर बोअर करून आकारमान १०८९ वरून सुमारे ११२२ पर्यंत नेता येते; परंतु भिंती तेवढ्या पातळ होतात. तीव्र चढणीचा कॅमशाफ्ट घातला तर वरच्या फेऱ्यांत जोर वाढतो आणि खालच्या फेऱ्यांत घटतो. शर्यतीत हे चालते. पण भरल्या गाडीने घाट चढणाऱ्याला नेमका खालचाच जोर हवा असतो. अधिक शक्तीची म्हणून तयार केलेली गाडी चढावर मूळ गाडीपेक्षा लंगडी ठरावी, असा चमत्कार यातून घडतो.

या सर्व हिशेबावर वर्गाचा एक नियम राज्य करतो. मिनिटाला ४८०० फेऱ्यांऐवजी ६००० फेऱ्या घेतल्या तर वेग सव्वापट होतो, परंतु कनेक्टिंग रॉडवरील ओढ सव्वापट होत नाही. ती सव्वाचा वर्ग, म्हणजे दीडपटीहून अधिक होते. रस्त्यावरही हेच घडते. ताशी ८० किलोमीटरऐवजी १०० किलोमीटरने धावणारी गाडी थांबविताना ब्रेकना पूर्वीच्या सुमारे १.५६ पट ऊर्जा जिरवावी लागते. जुन्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते, आणि लांब उतारावर ते तापले की त्यांची पकड सुटू लागे. इंजिनवर पैसा घालून ब्रेक तसेच ठेवणाऱ्या हौशी माणसाने आपली गाडी अर्धीच तयार केलेली असते.

या विचाराची मोठी परीक्षा महाराष्ट्रातील रस्त्यांनीही पाहिली आहे. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनहून सिडनीला जाण्याच्या शर्यतीसाठी ९८ मोटारी निघाल्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून त्या दिल्लीस आल्या आणि इंदूर, धुळे, नाशिक या वाटेने मुंबईत पोहोचल्या. तेथून चुसान या बोटीने त्यांना ऑस्ट्रेलियात नेण्यात आले. मुंबईत रॉजर क्लार्क यांची लोटस कॉर्टिना आघाडीवर होती. फोर्डच्या घरगुती गाडीत लोटसचे जोरदार इंजिन घालून तयार केलेली ती मोटार वेगाला अजोड होती. परंतु ऑस्ट्रेलियाच्या खडतर भूमीवर प्रथम तिच्या इंजिनने आणि पुढे डिफरन्शियलने दगा दिला. नंतर पुढे गेलेली ल्युसियन बियांकी यांची सिट्रोएन शेवटच्या टप्प्यात समोरून येणाऱ्या गाडीवर आदळली. विजय मिळाला तो स्कॉटलंडच्या अँड्र्यू कोवन यांच्या हिलमन हंटरला. ही अगदी साधी, कुटुंबाला नेण्यासाठी बनविलेली सलून. तिच्यात फेरफार झाले होते. परंतु तिची मजबुती वेगावर बळी दिलेली नव्हती. ९८ पैकी ५६ गाड्या शेवटास गेल्या.

भारतातील मिस्त्रीची विद्याही काळाबरोबर बदलली. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. हलक्या अंगाची, ७९६ घनसेंटिमीटर इंजिनची ही गाडी हौशी मंडळींना नवे साधन ठरली. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी तिचे इंजिन घालून एका आसनाची शर्यतीची मोटार घडविली, आणि फॉर्म्युला मारुती या नावाच्या शर्यती सुरू झाल्या. त्याच शर्यतींत आरंभीचे धडे घेतलेले नारायण कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय झाले. कुटुंबासाठी बनविलेल्या इंजिनने एका तरुणाला जगाच्या धावमार्गापर्यंत वाट काढून दिली, ही या परंपरेची मोठी कमाई होय.

रस्त्यावर मात्र कायद्याने मर्यादा घातली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. हौशी लोकांना हे जाचक वाटते. परंतु सार्वजनिक रस्त्यावर समोरून येणाऱ्या बैलगाडीने किंवा शाळेतून परतणाऱ्या मुलाने कोणाच्याही शर्यतीत भाग घेतलेला नसतो. धावपट्टीवर चुकणारा स्वतःचा जीव पणाला लावतो. रस्त्यावर चुकणारा दुसऱ्याचा लावतो.

पद्मिनीचे उत्पादन विसावे शतक सरता सरता थांबले. मुंबईत तिची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस, ती काळी-पिवळी गाडीही रस्त्यावरून निघाली. जतन करून ठेवलेल्या अकराशेच्या गाड्या मात्र अजून अनेकांच्या घरी आहेत आणि त्यांना पुन्हा जोर आणू पाहणारे हातही आहेत. त्या हातांना जुन्या मिस्त्रींचा अनुक्रम आजही उपयोगी आहे: आधी इंजिनचे आरोग्य, मग ब्रेक, मग चाके व स्प्रिंगा, आणि या सर्वांची खात्री पटल्यावर वेग.

देडतलाईहून मेळघाटात शिरणाऱ्या वाटेवर चढ आहेत, तसा घटांगच्या पुढे परतवाड्याकडे उतरणारा घाटही आहे. चढावर मोटारवाल्याला इंजिनचा जोर हवासा वाटतो. उतारावर, पाच माणसे आणि टपावरचे सामान मागून ढकलीत असताना, त्याला ब्रेकची आठवण होते. गाडी तयार करणाऱ्याने या दोन्ही ठिकाणांचा विचार एकाच वेळी केला असेल, तर घरची माणसे रात्री परतवाड्याला सुखरूप पोहोचतात.