खानदेशी ओट्यावर जपानी सुरी : निवड, वापर आणि निगा

खानदेशातील स्वयंपाकघरात पिढ्यानपिढ्या कापण्याचे मुख्य साधन विळी हेच राहिले. भरतासाठी कांद्याची पात चिरायची असो, गिलक्याच्या फोडी करायच्या असोत की काळ्या मसाल्यासाठी सुक्या खोबऱ्याचे काप काढायचे असोत, जमिनीवर बसून विळीचा पाट पायाखाली दाबला की काम सुरू होई. स्वयंपाक उभ्याने ओट्यावर होऊ लागला आणि विळीची जागा हळूहळू सुरीने घेतली. आता ऑनलाइन खरेदीमुळे आणि परदेशी राहणाऱ्या नातलगांमुळे उंची जपानी सुरीही जळगाव-धुळ्याच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचते. मात्र ही सुरी साध्या सुरीसारखी वापरली, तर पहिल्या काही आठवड्यांतच तिच्या धारेला दात पडतात आणि खर्च वाया जातो. त्यामुळे ती घेण्यापूर्वी तिचा स्वभाव समजून घेणे आवश्यक ठरते.

तलवारीपासून सुरीपर्यंत

जपानमधील साकाई, सेकी, एचिझेन आणि सांजो ही सुऱ्यांची नामवंत केंद्रे आहेत. यांपैकी सेकी हे मुळात तलवारींचे गाव. १८७६ मध्ये जपान सरकारने सर्वसामान्यांना तलवार बाळगून फिरण्यास बंदी केली. त्यानंतर अनेक तलवार कारागीर सुऱ्या आणि इतर हत्यारांकडे वळले. त्याच सुमारास पाश्चात्त्य आहाराचा प्रभाव वाढला आणि युरोपीय धर्तीची ‘ग्यूतो’ ही लांब सुरी रूढ झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर घरगुती वापरासाठी ‘सांतोकु’ लोकप्रिय झाली. सांतोकु म्हणजे तीन गुण. मांस, मासे आणि भाजी या तिन्हींना चालणारी, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. ‘नाकिरी’ ही मात्र खास भाजीची सुरी. तिचे पाते रुंद व चौकोनी आणि धार जवळजवळ सरळ असते.

पोलादाचे गणित

जपानी सुरीचे वैशिष्ट्य तिच्या कठीण पोलादात आणि पातळ पात्यात आहे. पोलादाचा कठीणपणा रॉकवेल परिमाणात मोजतात. युरोपीय सुऱ्या साधारणतः ५५ ते ५८ अंशांच्या असतात, तर चांगली जपानी सुरी ६० किंवा त्याहून अधिक अंशांची असते. युरोपीय सुरीची धार प्रत्येक बाजूस सुमारे २० अंशांच्या कोनात, तर जपानी सुरीची १० ते १५ अंशांत लावलेली असते. परिणामी ती अधिक तीक्ष्ण असते आणि धार जास्त दिवस टिकते. परंतु कठीण पोलाद ठिसूळही असते. विळीचे मऊ लोखंड आघाताने वाकते, जपानी पाते आघाताने तुटते. या एका फरकातूनच तिच्या वापराचे बहुतेक सर्व नियम निघतात.

पोलादाचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. ‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद आणि ‘आओगामी’ म्हणजे निळा कागद ही कार्बन पोलादे असून, ज्या रंगाच्या कागदात ती गुंडाळली जात त्यावरून त्यांना ही नावे पडली. त्यांना अप्रतिम धार लागते, पण ती गंजतात. ‘व्हीजी-१०’सारख्या पोलादात सुमारे १५ टक्के क्रोमियम असते व त्यामुळे ते सहजासहजी गंजत नाही. पात्यावरील लाटांची नक्षी पाहून अनेकजण भुलतात. प्रत्यक्षात कापण्याचे काम मधल्या गाभ्याचे पोलाद करते. बाहेरच्या थरांची नक्षी मुख्यतः शोभेची असते आणि स्वस्त सुऱ्यांवर ती केवळ कोरलेली किंवा छापलेलीही असते. म्हणून खरेदी करताना नक्षीपेक्षा पोलादाचे नाव, कठीणपणाचा अंक आणि उत्पादकाचा पत्ता पाहावा. हे तपशील न देणारी सुरी टाळलेली बरी.

कोणती सुरी घ्यावी?

सुरीची निवड घरातल्या जेवणावरून करावी. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वांगी, केळी, मिरची, कांद्याची पात व कोथिंबीर हाच ज्या घरातला रोजचा बाजार आहे, तेथे १६ ते १८ सेंटीमीटरची नाकिरी उत्तम काम देते. तीक्ष्ण धारेखाली पात आणि कोथिंबीर चेचली जात नाही. त्यामुळे ती लवकर काळी पडत नाही व तिचे पाणी सुटत नाही. ज्या घरात हाडांविना मांस किंवा मासे कापले जातात, त्यांनी तेवढ्याच लांबीची सांतोकु घ्यावी. २१ ते २४ सेंटीमीटरची ग्यूतो मोठा ओटा आणि सराईत हात असल्यासच सोयीची.

पहिलीच सुरी असेल तर न गंजणारे पोलाद निवडावे. कार्बन पोलादाने कापलेले वांगे काळे पडते. लोखंडी विळीवर वांगी चिरणाऱ्या गृहिणींना हा अनुभव नवा नाही. पारंपरिक जपानी सुऱ्यांपैकी काहींना एकाच बाजूने धार असते व त्या उजव्या हाताच्या व्यक्तीसाठी बनवलेल्या असतात. डावखुऱ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखी धार असलेली सुरी मागावी.

काय कापू नये?

सुक्या खोबऱ्याची वाटी, हाडाचे मटण, अख्खा लाल भोपळा आणि गोठवलेले पदार्थ यांवर ही सुरी चालवू नये. अशा कामांना विळी किंवा कोयताच योग्य. पातोड्यांच्या वा बर्फीच्या वड्या स्टीलच्या ताटातच पाडण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्या कामासाठी जुनी सुरी वेगळी ठेवावी, कारण ताटावर एकदा ओढलेली रेघही धार घालवते. कडप्पा, ग्रॅनाइट, संगमरवर व काच हे पृष्ठभागही धारेचे शत्रू आहेत. जाड लाकडी पाट वापरावा आणि तो सरकू नये म्हणून खाली ओले फडके घालावे. चिरलेली भाजी पाटावरून लोटताना धार नव्हे, तर पात्याची पाठ वापरावी.

हाताची ठेवण

विळीवर पाते स्थिर असते आणि भाजी फिरते. सुरीवर भाजी स्थिर असते आणि पाते फिरते. त्यामुळे विळीची सवय असलेल्या हाताला सुरुवातीला काळजी घ्यावी लागते. अंगठा व तर्जनीने मुठीलगतचे पाते चिमटीत धरावे आणि उरलेल्या तीन बोटांनी मूठ पकडावी. भाजी धरणाऱ्या हाताची बोटे आत वळवून पात्याला बोटांच्या पेरांचा आधार द्यावा. नाकिरी सरळ खाली किंवा किंचित पुढे ढकलत चालवावी. पाते भाजीत रुतलेले असताना ते पिळू नये. पातळ धारेचा तुकडा उडण्याचे हे नेहमीचे कारण आहे. बोथट सुरीला जोर द्यावा लागतो आणि जोर दिलेली सुरीच घसरून हात कापते, हेही ध्यानात ठेवावे.

धार कोणी लावावी?

आठवडी बाजारात पाल टाकून बसणारे घिसाडी विळे, खुरपी व विळ्या घडवतात आणि त्यांना धारही लावून देतात. त्या लोखंडासाठी त्यांचे कसब उत्तमच आहे. जपानी सुरी मात्र फिरत्या चाकावर देऊ नये. घर्षणाने पातळ धार तापते आणि पोलादाला दिलेले पाणी उतरते. धारेवर निळसर छटा दिसली की तेवढ्या भागाचा कठीणपणा गेला, असे समजावे.

ही धार पाण्याच्या सपाट दगडावर हातानेच लावावी लागते. नेहमीच्या कामाला १००० क्रमांकाचा दगड पुरतो आणि गुळगुळीतपणासाठी ३००० ते ६००० क्रमांकाचा वापरतात. दगड त्याच्या प्रकारानुसार भिजवून किंवा ओला करून घ्यावा. पाते ४५ मिलिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून सुमारे १२ मिलिमीटर उचलली की १५ अंशांचा कोन साधतो. हा कोन न बदलता टाचेपासून टोकापर्यंत पाते सावकाश घासावे. दुसऱ्या बाजूस बोटाला जाणवेल अशी बारीक कड उमटली की पाते उलटावे आणि शेवटी हलक्या हाताने ती कड काढून टाकावी. पिकलेल्या टोमॅटोची साल न दाबता कापली गेली, तर धार लागली असे समजावे. पहिला सराव जुन्या, स्वस्त सुरीवर करणे शहाणपणाचे.

रोजची निगा

काम संपताच सुरी हाताने धुऊन लगेच कोरडी करावी. ती भांड्यांच्या ढिगात टाकू नये, तारेच्या घासणीने वा राखेने घासू नये. कच्च्या केळीचा चीक पात्यावर वाळू देऊ नये. पावसाळ्यात कार्बन पोलादाच्या पात्यावर खोबरेल तेलाचा पुसट हात फिरवावा. शेंगदाण्याचे तेल काही दिवसांनी चिकट होते, म्हणून ते टाळावे. सुरी म्यानात किंवा लाकडी ठोकळ्यात, लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी. विमान प्रवासात ती हातातल्या सामानात चालत नाही, म्हणून परदेशाहून आणवताना ती नीट गुंडाळून मोठ्या सामानात ठेवण्यास सांगावे.

थोडक्यात, जपानी सुरीची किंमत दुकानात एकदा मोजली जाते, तर तिची धार दर महिन्याला दगडावर मिळवावी लागते. एवढा वेळ देण्याची तयारी नसेल, तर साधी सुरी आणि घरातली विळीच अधिक उपयोगाची. तयारी असेल, तर एक चांगली नाकिरी, एक पाण्याचा दगड आणि एक लाकडी पाट एवढा संच पुरे. घरातली विळी मात्र मोडीत काढू नये. खोबरे खवण्याचे आणि कठीण फळे फोडण्याचे काम तिचेच आहे.