किल्टवरचा कोट

आपण धोतर नेसतो आणि कोट घालतो. न शिवलेलं वस्त्र नेसायचं, शिवलेलं घालायचं, हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. तो मनात ठेवला, की स्कॉटलंडच्या किल्टचा आणि त्यावर घालायच्या कोटाचा इतिहास आपल्याला चटकन उमगतो, असा माझा अनुभव आहे.

किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचं ते गुडघ्यापर्यंतचं, चौकड्यांचं, मागे दाट चुण्या असलेलं वस्त्र. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडच्या डोंगराळ उत्तर भागातले, म्हणजे हायलँड्समधले, लोक ते अक्षरशः नेसत असत. लोकरीचं लांबलचक कापड घ्यायचं, हातानं निऱ्या करायच्या, कमरेला पट्टा आवळायचा आणि उरलेलं कापड खांद्यावर टाकायचं. दिवसा वस्त्र, रात्री पांघरूण. पाऊस आला तर तेच डोक्यावरून घ्यायचं.

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात यातला वरचा भाग गेला आणि कमरेखालचा तेवढा उरला. पुढे निऱ्याही शिवून पक्क्या झाल्या. थॉमस रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज लोखंड-कारखानदारानं मजुरांच्या सोयीसाठी ही युक्ती काढली, अशी हकीकत १७८५ मध्ये छापून आली. अनेक अभ्यासकांना ती मान्य नाही. युक्ती कुणाचीही असो, नेसायचं वस्त्र घालायचं झालं, आणि खांद्यावरचं पांघरूण गेल्यामुळे वरच्या अंगाला काय घालायचं, हा प्रश्न नव्यानं उभा राहिला.

त्याचं उत्तर शिंप्यानं द्यायच्या आधी सरकारनंच कातर हातात घेतली. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर राजपुत्र चार्ल्स स्ट्युअर्टच्या बंडखोर सैन्याचा पराभव झाला. त्याच वर्षी संसदेनं हायलँडचा पोशाख बंद करणारा कायदा केला आणि १ ऑगस्ट १७४७ पासून तो लागू झाला. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी! गंमत अशी, की या कायद्यात कोटाचाही उल्लेख आहे. चौकड्यांचं कापड कोटासाठीसुद्धा वापरायचं नाही, असं त्यात बजावलं होतं. राजाच्या सैन्यात नोकरी करणाऱ्यांना मात्र सूट होती.

ही बंदी १७८२ पर्यंत, म्हणजे सुमारे पस्तीस वर्षं टिकली. एवढ्या काळात एक पिढी हा पोशाख अंगावर न घालताच मोठी होते. गावात जे घातलं तर गुन्हा, ते पलटणीत घातलं तर गणवेश. हायलँडचे तरुण सैन्यात गेले आणि साम्राज्यासाठी जगभर लढले. आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईच्या रणांगणावर २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची लढाई झाली. तीत वेलस्लीकडे ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या.

पुढे १८२२ मध्ये चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला. त्या समारंभाची मांडणी कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांनी केली आणि खुद्द राजानं किल्ट परिधान केला. ज्या पोशाखापायी तुरुंग भोगावा लागे, तो आता दरबारी झाला. पण त्याच सुमारास हायलँड्समध्ये जमीनदार कुळांना हुसकावून मेंढ्यांसाठी राने मोकळी करत होते. सदरलँडमधल्या स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातली घरं १८१४ आणि १८१९ मध्ये रिकामी केली गेली. पोशाख वाड्यात पोचला आणि तो ज्यांचा होता, ती माणसं देशोधडीला लागली. मला या इतिहासात सर्वांत जास्त बोचतं ते हे.

आता शिंप्याकडे वळू. नेहमीचा सुटाचा कोट किल्टवर का चालत नाही? पँट कमरेवर बसते, तर किल्ट बेंबीच्याही वर चढतो. सुटाचा कोट बैठक झाकेल इतका लांब असतो. तो किल्टवर घातला, की खाली वीतभर चौकडी तेवढी दिसते आणि माणूस अकारण बुटका वाटतो. शिवाय किल्टला खिसे नसतात, म्हणून पुढे एक कातडी बटवा लटकतो. त्याला स्पोरन म्हणतात. कोटाचे पुढचे पल्ले नेमके त्याच्यावर येतात. मागे चुण्यांचा घेर कोटाला ढकलतो, तो वेगळाच.

म्हणून किल्टसाठी कोट आखूड बेततात, त्याचे पुढचे कोपरे गोलाकार मागे घेतात आणि बटणं व खिसे जरा वर ठेवतात. अर्गाइल नावाचा प्रसिद्ध कोट असाच असतो. पण त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. ज्याच्याकडे एकच सूट आहे, त्यानं काय करावं? तो जुना लोकरी कोट घेतो आणि अल्टर करतो.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. माप किल्ट आणि बटवा अंगावर असतानाच घ्यावं लागतं. मग खालची दुमड उसवायची, अस्तर सोडवायचं, शेवटच्या बटणाखालून खडूनं गोलाई आखायची आणि दुमडीपुरतं कापड राखून कातर लावायची. खरी अडचण खिशांची. खिशाची थैली कोटाच्या आत खाली लोंबत असते, ती आखूड करून पुन्हा शिवावी लागते. खिशाचं तोंडच फार खाली असेल, तर तो कोट बाजूला ठेवावा हे शहाणपणाचं. कारण शिवण उसवता येते, कापलेलं कापड परत येत नाही. कापून उरलेल्या पट्ट्या मात्र टाकायच्या नाहीत. बाहीला रुंद कफ लावायला त्या उपयोगी पडतात.

ही घरगुती क्लृप्ती वाटेल, पण सैन्यातही हेच चाले. ब्रिटिश सैन्यात १९०२ मध्ये नवा खाकी गणवेश आला. किल्टवाल्या पलटणींसाठी त्याच्या कोटाचे पुढचे कोपरे गोल कापलेले असत. पहिल्या महायुद्धात भरती प्रचंड वाढली, तेव्हा सर्वांसाठीचे साधे कोटच हाती पडत आणि पलटणीतले शिंपी त्यांचे कोपरे कापून देत. खंदकांतल्या चिखलानं किल्ट जड होई, चुण्यांत उवा होत, तरी त्यावरचा कोट नीट कापलेला असे. रणांगणावरून किल्ट गेला तो १९४० मध्ये.

स्कॉटिश लग्नसमारंभात ‘प्रिन्स चार्ली’ नावाचा आखूड कोट आज दिमाखात मिरवतो. नाव कलोडनच्या पराभूत राजपुत्राचं, पण कोट विसाव्या शतकातला. म्हणून तो खोटा ठरतो का? मला तसं वाटत नाही. आपल्याकडेही धोतरावर कोट आणि डोक्याला टोपी हा वेष आजोबांच्या फोटोत किती परंपरागत दिसतो! त्यातला कोट विलायती, याची आठवणही आपल्याला होत नाही.

किल्टवर कायद्यानं बंदी घातली, राजानं त्याला प्रतिष्ठा दिली, जमीनदारांनी त्याचा थाट केला. यांतल्या कुणाला विचारायला न जाता, कुणीतरी आपला एकुलता एक कोट टेबलावर पसरतो आणि खडूनं रेघ ओढतो. ज्यांच्या हातून हा पोशाख निसटला होता, त्यांच्यासारख्याच साध्या माणसांकडे तो परत येतो, तो या रेघेवरून.