भयाचें मोल

आम्हां चेंबूरकरांस चित्रपट म्हटला कीं आर्. के. स्टुडिओचें प्रवेशद्वार आठवतें. राज कपूर ह्यांनीं ही संस्था १९४८ सालीं काढली. २०१७ सालच्या आगींत तिचें मुख्य चित्रणगृह जळालें, आणि २०१९ सालीं ती जागा घरबांधणीच्या एका कंपनीनें घेतली. ज्यास असें स्वतःचें छप्पर कधींच लाभलें नाहीं, त्या दिग्दर्शकानें काय करावें, ह्याचें एक उत्तर राही अनिल बर्वे ह्यांच्या वाटचालींत सांपडतें.

‘थँक यू मिस्टर ग्लाड’चे लेखक अनिल बर्वे ह्यांचे हे चिरंजीव. १९९३ सालीं नागझिऱ्याच्या अरण्यांत एका मित्रानें त्यांस नारायण धारपांची एक भयकथा सांगितली. पुढें ती वाचली तेव्हां सामान्य वाटली. पण ऐकतांना बसलेला धसका गेला नाहीं. त्यांतून १९९७ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, त्यांनीं ‘तुंबाड’चा पहिला मसुदा लिहिला. २००८ सालीं त्यांचा ‘मांजा’ हा लघुपट निघाला. ‘तुंबाड’ मात्र अडूनच राहिला. एकामागून एक सात निर्मितिसंस्थांनीं तो हातीं घेऊन सोडला. बर्वे ह्यांनीं सातशें पानांची चित्रसंहिता तयार केली. २०१२ सालीं चित्रण झालें. तें मनास न आल्यामुळें संहिता फिरून लिहिली, चित्रण फिरून केलें, आणि २०१५ सालीं तें संपलें. निर्माते व नायक सोहम शाह, सहदिग्दर्शक आदेश प्रसाद व छायालेखक पंकज कुमार ह्यांचाही ह्या श्रमांत मोठा वाटा आहे.

आपल्याकडे भयपट म्हणजे रामसे बंधूंचा, असें समीकरण होतें. ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ ह्या १९७२ सालच्या चित्रपटापासून त्यांनीं थोडक्या पैशांत, थोडक्या दिवसांत प्रेक्षकांस घाबरविलें. त्यांचें भय बाहेरून, थडग्यांतून येई. ‘तुंबाड’मधील भय घरांतून येतें. १९१८, १९३३ व १९४७ अशा तीन कालखंडांत कोंकणांतील एक ब्राह्मण कुटुंब शापित देवतेच्या कमरेचें सोनें चोरीत राहतें. त्या देवतेस भूक अन्नाची. म्हणून कणकेची बाहुली पुढें टाकून मोहरा लांबवावयाच्या. बाप हीच विद्या मुलास वारसा म्हणून देतो. राक्षस कोण, हा प्रश्न तेथें उभा राहतो.

२०१८ सालीं व्हेनिस महोत्सवांतील समीक्षक-सप्ताहाचा प्रारंभ ह्या चित्रपटानें झाला. त्याच वर्षीं १२ ऑक्टोबर रोजीं तो येथें प्रदर्शित झाला, तेव्हां प्रेक्षकांचा प्रतिसाद बेताचाच होता. सप्टेंबर २०२४ मध्यें तो पुन्हां लागला, आणि पहिल्यापेक्षां अधिक उत्पन्न झालें.

हें पाहून ‘अखेर गुणांचें चीज होतें’ असें म्हणणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. पहिल्या मसुद्यापासून प्रदर्शनापर्यंत एकवीस वर्षें गेलीं. तेवढ्यांत ह्या दिग्दर्शकाचे आणखी किती चित्रपट झाले असते! लोभावरील कथेस पैशाअभावींच इतकें थांबावें लागलें. स्वातंत्र्याचें हें मोल एकट्या कलावंतानें द्यावें, आणि आपण सहा वर्षांनीं तिकीट काढून धन्य व्हावें, ही वांटणी न्यायाची नव्हे. नव्या कलाकृतीस तिच्या पहिल्याच आठवड्यांत जाऊन पाहणें, एवढा भार आम्हां सुशिक्षित कुटुंबांस खचित उचलतां येईल.