इथिलीन डायक्लोराइड : आग आणि विष यांचा दुहेरी धोका

क्लोरीनयुक्त विद्रावक सहसा पेट घेत नाहीत, असा समज कारखान्यांमध्ये रूढ आहे. मिथिलीन क्लोराइडसारख्या द्रवांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी खरा ठरतो. इथिलीन डायक्लोराइड मात्र त्याच कुळातील असूनही सहज पेटते. शिवाय ते विषारी असल्याने त्याची हाताळणी दुहेरी दक्षतेची ठरते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस चार डच रसायनतज्ज्ञांनी इथिलीन व क्लोरीन यांच्या संयोगातून हा द्रव तयार केला. त्यावरून त्याला 'डच तेल' असे नाव पडले. आज त्याचा सर्वाधिक वापर पीव्हीसीचा कच्चा माल असलेल्या व्हिनाइल क्लोराइडच्या निर्मितीसाठी होतो. घरातील नळ आणि विजेच्या तारांचे आवरण यांचे मूळ अशा प्रकारे या द्रवाशी जोडलेले आहे. औषधनिर्मितीतही तो विद्रावक म्हणून वापरला जातो. भारतात पूर्वी धान्यातील कीड मारण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइडसोबत त्याची धुरी दिली जात असे.

गुणधर्म

हा रंगहीन द्रव असून त्याला क्लोरोफॉर्मसारखा गोडसर वास असतो. तो सुमारे ८३ ते ८४ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याचा ज्वलनांक अवघा १३ अंश आहे. म्हणजेच मुंबईच्या नेहमीच्या तापमानात त्याची वाफ एका ठिणगीने पेटू शकते. ही वाफ हवेपेक्षा सुमारे साडेतीन पट जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचून पेट घेते. जळताना हायड्रोजन क्लोराइड आणि काही प्रमाणात फॉस्जीन हे विषारी वायू निर्माण होतात. फॉस्जीनचा वापर पहिल्या महायुद्धात अस्त्र म्हणून झाला होता. द्रव पाण्यापेक्षा जड असल्याने सांडल्यास जमिनीत खोलवर झिरपून भूजल दूषित करतो.

आरोग्यावरील परिणाम

हवेत ६.२ ते सुमारे १६ टक्के वाफ असल्यास स्फोट होऊ शकतो. कामगारांसाठी मात्र अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने सुचविलेली सरासरी मर्यादा दहा लाख भागांत १० भाग, म्हणजे स्फोटाच्या किमान पातळीच्या सहा हजारांव्या हिश्श्याहूनही कमी आहे. त्यामुळे स्फोटमापक यंत्राने 'धोका नाही' असे दर्शविले, तरी ती हवा श्वासासाठी सुरक्षित असेलच असे नाही. नाकाला वासाची सवय होत असल्याने वासावरही विसंबता येत नाही.

अतिसंपर्काने चक्कर, उलट्या, तसेच यकृत व मूत्रपिंडांना इजा होते. चीनमध्ये हे विद्रावक असलेला गोंद वापरणाऱ्या कामगारांमध्ये मेंदूला सूज येण्याचे प्रकार नोंदले गेले आहेत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याचा समावेश 'संभाव्य कर्करोगकारक' गटात केला आहे. युरोपीय संघात नोव्हेंबर २०१७ पासून ठराविक अपवाद वगळता परवानगीशिवाय त्याचा वापर करता येत नाही.

हाताळताना घ्यावयाची काळजी

- साठवण थंड, हवेशीर जागी व घट्ट बंद पिंपांत करावी. ॲल्युमिनियमची भांडी वापरू नयेत. तीव्र अल्कली आणि ऑक्सिडीकारक दूर ठेवावेत.
- द्रव ओतताना दोन्ही पात्रे तारेने जोडून अर्थिंग करावे. स्थिर विजेची ठिणगीही आगीस पुरेशी ठरते.
- वाफ खाली साचत असल्याने हवा ओढून घेण्याची सोय जमिनीलगतही असावी.
- कापडी मुखपट्टीचा उपयोग होत नाही. साधे रबरी हातमोजेही फार काळ टिकत नाहीत. या रसायनासाठी योग्य ठरविलेलेच हातमोजे वापरावेत.
- आग लागल्यास फेस, कोरडी पूड किंवा कार्बन डायऑक्साइड वापरावा. पिंपे पाण्याच्या फवाऱ्याने थंड ठेवावीत.
- बाधिताला मोकळ्या हवेत न्यावे, भिजलेले कपडे काढावेत, त्वचा व डोळे किमान १५ मिनिटे पाण्याने धुवावेत. द्रव पोटात गेल्यास उलटी करवू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे.

रस्त्यावरील टँकरवर '११८४' हा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक असल्यास आत हेच रसायन आहे, असे समजावे. असा टँकर उलटल्यास नागरिकांनी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, उंच जागी दूर जावे, वाहनाचे इंजिन सुरू करू नये आणि अग्निशमन दलाला हा क्रमांक आवर्जून कळवावा.