भूतग्रस्त : एका शब्दाची किंमत

डेरेक प्रिन्स यांचा जन्म १९१५ सालचा, बंगळुरूचा. वडील ब्रिटिश लष्करात. मुलगा केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकला, किंग्ज कॉलेजचा फेलो झाला आणि दुसऱ्या महायुद्धात सैन्यात असताना ख्रिस्ताकडे वळला. पुढे लंडनमध्ये पाळक असताना त्यांना वारंवार खोल नैराश्य येई. प्रार्थना करूनही फरक पडेना. मग एकदा यशया ६१:३ वाचताना त्यांना वाटलं, ही उदासी म्हणजे आपण नव्हे, हा आपल्याला छळणारा वेगळाच आत्मा आहे. त्याच्यापासून सुटका मागितली आणि ओझं उतरलं, असं ते सांगत.

या अनुभवातून पुढे मोठा वाद झाला. भूत काढणं ख्रिस्ती धर्माला नवं नाही. शुभवर्तमानांत येशू स्वतः भुतं काढतो. पण ज्याच्यात पवित्र आत्मा वसतो, त्या विश्वासणाऱ्यालाच भूत लागू शकतं का?

असेंब्लीज ऑफ गॉड या मोठ्या पेंटेकॉस्टल संघटनेनं १९७२ साली उत्तर दिलं : नाही. प्रिन्स यांचं म्हणणं, घोळ भाषांतराचा आहे. मूळ ग्रीक क्रियापद 'दाइमोनिझोमाई'. इंग्रजीत त्याचं भाषांतर 'पझेस्ड' झालं आणि त्यात मालकी शिरली. मुळात अर्थ आहे तो भुताच्या त्रासाचा. मराठी बायबलात इथं 'भूतग्रस्त' हा शब्द आहे. पूरग्रस्त, कर्जग्रस्त यांच्या रांगेतला. पुराचं पाणी घरात शिरलं म्हणून घर पुराच्या मालकीचं होत नाही.

पण एकदा हे मानलं, की कशालाही भूत म्हणता येतं. १९७३ साली फ्रँक आणि आयडा मे हॅमंड या अमेरिकन दांपत्याचं 'पिग्ज इन द पार्लर' आलं. दिवाणखान्यात शिरलेली डुकरं, म्हणजे विश्वासणाऱ्याच्या आत शिरलेली भुतं. त्यात भुतांच्या याद्याच आहेत : कडवटपणा, बंडखोरी, असुरक्षितता. स्किझोफ्रेनियासुद्धा भुतांचंच काम ठरला.

१९७४च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या ऑसेट गावच्या एका माणसाला त्याच्या प्रार्थना-गटातल्या लोकांनी चर्चमध्ये नेलं. रात्रभर भुतं काढणं चाललं. चाळीसहून जास्त निघाली, पण वेडाचं आणि खुनाचं अजून आत आहे, असं काढणाऱ्यांना वाटत होतं. तरी सकाळी दमून त्यांनी त्याला घरी सोडलं. काही तासांत त्यानं बायकोचा जीव घेतला. कोर्टानं त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं.

पुढच्याच वर्षी कँटरबरीचे आर्चबिशप डोनाल्ड कॉगन यांनी नियम सांगितले. भूत काढण्यावर बंदी घातली नाही. पण ते बिशपनं नेमलेल्या अनुभवी माणसानंच करावं, डॉक्टरांना सोबत घेऊन, गाजावाजा न करता. आणि नंतरही त्या माणसाची काळजी घेत राहावं.

आपल्याकडे आजही 'सुटके'च्या सभा भरतात. तिथं जाणाऱ्याला मूर्ख म्हणणं सोपं आहे. पण 'हा त्रास म्हणजे तू नव्हेस' हे वाक्य नैराश्यात बुडालेल्या माणसाला केवढा आधार देतं, हे प्रिन्स यांनी स्वतः अनुभवलं होतं. डॉक्टरही आज आजार आणि माणूस वेगळे पाहायला सांगतात. फरक पडतो तो नंतर. ऑसेटच्या त्या माणसाला सकाळी घरी सोडलं, तेव्हा त्याच्यासोबत डॉक्टर नव्हता. कॉगन यांचा शेवटचा नियम म्हणूनच सगळ्यात महत्त्वाचा.